झाकणाचा वास

“कोपर बघू तुझा,” शालिनीबाई साळुंखे म्हणाल्या.

मी चहाचा ट्रे ठेवून नुकतीच सतरंजीवर टेकले होते. फलटणचा मे महिना, आमच्या पुढच्या खोलीतला पंखा गरम हवा नुसती ढवळत होता, आणि मला बघायला साताऱ्याहून आलेली मंडळी घामाघूम होऊन बसली होती. नवरा मुलगा निशिकांत मात्र पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालून आला होता, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. किती टापटीप माणूस, असं मला वाटलं. शालिनीबाई त्याची आई.

कोपराचा विषय आप्पांनीच काढला होता. माझे वडील सरळ माणूस. चहा यायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, “पाव्हणं, एक गोष्ट कानावर घालतो. पोरीला इसब आहे, लहानपणापासनं. कातडी कोरडी पडते, खाज येते, थोडी फुटते. दुसऱ्याला लागत नाही, तसं डॉक्टरांनी सांगितलंय. पण उद्या लपवलं म्हणू नका.”

मी ब्लाउजची बाही वर ओढली. शालिनीबाईंनी माझा हात उजेडाकडे वळवला, कोपराच्या घडीत दोन बोटं फिरवली, दाबून पाहिलं. बाजारात वांगं किडकं आहे का बघतात ना, तसं. आणि मग ती दोन बोटं त्यांनी पदराला पुसली. सावकाश, एकेक करून, सगळ्यांच्या देखत.

“डांबराचं मलम लावतेस ना?” त्यांनी नाक मुरडत विचारलं.

“हो. रात्री.”

“वाटलंच मला. दारात पाय ठेवल्याबरोबर वास आला. ते आधी बंद कर. आमच्या घरात असलं काही कुणाला नाही, आणि तो वास तर चालायचाच नाही.” मग आईकडे वळून म्हणाल्या, “मुलगी शिकलेली आहे, नाकीडोळी चांगली आहे, म्हणून आम्ही पदरात घेतोय. पण लग्नापर्यंत हे गेलं पाहिजे. हळदीला सगळी भावकी बघणार. तोवर गेलं नाही तर मग मात्र आमचा नाइलाज आहे.”

निशिकांत साखरेच्या भांड्याकडे बघत होता.

ते उठल्यावर मी आईला म्हटलं, “मला नाही करायचं इथं.”

“अगं, सांगूनसुद्धा हो म्हणाले,” आई म्हणाली. “आजवर आप्पांनी सांगितलं की माणसं चहा अर्धा टाकून उठायची. तुझ्यामागं शोभा आहे. तुझं मोडलं की तिचं कोण विचारणार? सांग मला.”

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मी आतून थोडी विरघळलेही होते. निघताना निशिकांत पायरीवर चप्पल घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळला होता आणि हळूच म्हणाला होता, “आईचं मनावर घेऊ नका. थंडीत तुम्हाला जास्त त्रास होत असेल ना?” थंडीत जास्त होतं हे माझ्या सख्ख्या काकांना माहीत नव्हतं. हा परका माणूस विचारत होता. त्या रात्री मी तेवढंच वाक्य घोळवत पडले.

मी तेव्हा दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. पहाटे गावागावांतून कॅन यायचे, आणि आत यंत्रांवर दूध जाण्याआधी, कॅन उतरवायच्या धक्क्यावर पहिली परीक्षा नाकाची. कॅनचं झाकण उघडायचं, उलटं करायचं आणि नाकाशी धरायचं. दूध दिसायला पांढरंशुभ्रच असतं, पण झाकणात रात्रभराचा वास कोंडलेला असतो. आंबूस, कडवट किंवा औषधाचा वास आला की मी म्हणायचे “परत”, आणि कॅन बाजूला ओढला जायचा. पुष्कळजण हुज्जत घालायचे, शपथा घ्यायचे. मी वाद घालत नसे. झाकण परत लावायचं आणि पुढचा कॅन घ्यायचा, एवढंच माझं काम.

साखरपुडा झाला आणि निशिकांतची मोठी बहीण ज्योत्स्ना दर रविवारी आमच्याकडे यायला लागली. तिचं साताऱ्यात ब्यूटी पार्लर होतं. मोठी गुलाबी पेटी घेऊन यायची आणि मला खिडकीपाशी बसवायची. पहिल्यांदा आली ती गोरं करणारी क्रीम. पेढ्याच्या दुकानात अत्तर सांडलं तर येईल तसला तिचा वास. मानेला लावली आणि थोड्याच वेळात तिथं कुणी मिरची वाटतंय असं वाटायला लागलं.

“ताई, खूप चुरचुरतंय हो.”

“चुरचुरतंय म्हणजे काम करतंय,” ज्योत्स्ना म्हणाली. “दम धर जरा.”

दुसऱ्या डब्यात अक्रोडाच्या टरफलांचा खरखरीत चुरा होता. तो तिने माझ्या कोपरांवर घासला. मेलेली कातडी निघून जाते म्हणे. मेलेली निघाली, तिच्यासोबत जिवंतही निघाली, आणि खालून पाणी पाझरायला लागलं. ते तिने एका ओलसर टॉवेलने टिपलं. त्या टॉवेलला आणखी कुणाकुणाच्या मानेचा, केसांचा, पावडरचा वास होता. मला उमासाच आला. मग चेहऱ्यावर आणि मानेवर थापून वाळल्यावर सोलून काढायचा एक चिकट लेप. तो ती डबीतून बोटाने उपसायची, माझ्या फुटलेल्या मानेला लावायची आणि तेच बोट परत डबीत घालायची. त्या डबीतून माझ्याआधी कोण लावून गेलं असेल आणि माझ्यानंतर कोण लावणार, हे मनात यायचं आणि घास घशाखाली उतरायचा नाही.

पण सगळ्यांवर कडी केली ती शालिनीबाईंच्या घरच्या लेपाने. साय कितीतरी दिवस साठवून, त्यात बेसन आणि कसलीशी पाळंमुळं कालवून त्यांनी बरणी पाठवली होती. आईने झाकण उघडलं आणि घरभर आंबूस भपकारा सुटला. धक्क्यावर मी ज्या वासाचं दूध परत पाठवायचे, तेच मानेला आणि हातांना थापून मी दुपारभर बसले. माश्या आल्या. शोभा टॉवेलने वारा घालत होती आणि एकीकडे हसूही दाबत होती. मला मात्र स्वतःचीच शिसारी यायला लागली होती.

कारण कातडी सुधारायची सोडून बिघडत चालली होती. अंथरूण झटकलं की पांढरा भुगा पडायचा. ब्लाउज पाठीला चिकटायचा, सोडवताना खपली निघायची. माझा स्वतःचा लहानपणापासूनचा उपाय साधा होता: कोमट पाणी, अंग ओलं असतानाच साधं पांढरं जेलीसारखं मलम, आणि रात्री ते काळं डांबराचं. त्याला नुकत्याच केलेल्या रस्त्यासारखा वास येतो, कबूल आहे. पण लावलं की खाज थांबते आणि झोप लागते. ती ट्यूब आईने माझ्याकडून काढून घेतली होती.

निशिकांतचा आठवड्याला एकदा फोन यायचा. एकदा मी रडतच विचारलं, “तुम्ही आईंना काही बोलत का नाही?”

“बोलेन ना,” तो म्हणाला. “लग्न होऊ दे. तोवर सांभाळून घ्या. आणि नवीन क्रीम एकदम सगळीकडे लावू नका. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस बघायची.”

फोन ठेवल्यावर मी शोभाला म्हटलं, “बघ, माझ्यासाठी केवढं वाचून काढलंय त्यांनी.” शोभा म्हणाली, “नशीब काढलंस, तायडे.” मला ते पटलं.

बस्त्याच्या दिवशी दुकानात शालिनीबाईंनी आईला बाजूला घेतलं. आमच्याकडे रीत अशी की आधी नवऱ्या मुलाला हळद लावायची आणि त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद, नवरीकडे पाठवायची. बहुतेक घरांत मुलाला चार बोटं लावतात आणि वाटीतली उरलेली पाठवतात. शालिनीबाईंना ते मान्य नव्हतं.

“आमच्यात उष्टी म्हणजे खरीखुरी उष्टी असते, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “मुलाच्या अंगाला चोळायची, अंगावरून निपटून काढायची आणि तीच मुलीला लावायची. सात पिढ्यांची रीत आहे. त्यात तडजोड नाही.”

घरी आल्यावर मी आईवर चिडले. “दुसऱ्याच्या अंगावरनं निपटलेलं मी माझ्या उघड्या कातडीवर लावून घेऊ? तुला नुसतं ऐकून तरी कसंनुसं होत नाही?”

“शुभ असतं ते,” आई म्हणाली. “डोळे मिटून बस. घटकाभराचा प्रश्न आहे.”

हळद कार्यालयातच होती, लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी. हॉलच्या एका अंगाला आमची खोली, समोरच्या अंगाला वरपक्षाची. ज्योत्स्नाने पहाटेच येऊन माझ्या कोपरांवर, मानेवर रंगाचा जाड थर दिला होता, भिंतीला पोपडे आले की वरून चुना फासतात तसा. हात वाकवला की त्याला भेगा पडायच्या, म्हणून मला हात न वाकवता बसायची ताकीद होती. मी पाटावर पिवळी साडी नेसून बाहुलीसारखी ताठ बसले. भोवती बायका, माझी आत्या, आई, शोभा. रंगाखाली सगळं ठणकत होतं.

वाजंत्री वाजली आणि ज्योत्स्ना करवलीच्या थाटात ताट घेऊन आली. ताटात साडी, नारळ आणि झाकण लावलेला स्टीलचा डबा.

“घ्या, उष्टी हळद,” ती म्हणाली. “आईने स्वतः उभं राहून निपटून काढलीय.”

आत्याने हात पुढे केला, पण डबा मी घेतला. का घेतला, विचाराल तर सांगता येणार नाही. झाकणाचा डबा समोर आला की माझे हात आपोआप पुढे होतात. मी झाकण उघडलं, उलटं केलं आणि नाकाशी धरलं.

हळदीचा वास होता, तेलाचा होता, चंदनाचा होता, घामाचाही होता. आणि या सगळ्याखाली डांबराचा होता.

मला वाटलं आपलाच. मी स्वतःचं मनगट हुंगलं. तिथं नुसता ज्योत्स्नाच्या रंगाचा वास. मी तर ते मलम कधीपासून लावलंच नव्हतं. मी पुन्हा झाकण नाकाशी नेलं आणि मग डब्यात पाहिलं. पिवळ्याधमक हळदीत पांढऱ्या पातळ खपल्या होत्या, कडेला वळलेल्या, काही हळद पिऊन पिवळ्या पडलेल्या. बेसन नव्हतं ते, खोबरंही नव्हतं. असल्या खपल्या मी जन्मभर अंथरुणावरून झाडत आले आहे.

माझ्या घशाशी आंबट पाणी आलं. दुसऱ्याच्या अंगाच्या खपल्या माझ्या अंगाला चोळायला आणल्या होत्या. आणि ते पाणी गिळता गिळता मला मे महिन्यातला तो पूर्ण बाह्यांचा शर्ट आठवला. थंडीत जास्त होतं ना. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. दारात पाय ठेवल्याबरोबर वास आला.

“ताई,” मी ज्योत्स्नाला विचारलं, “निशिकांतना कुठं कुठं आहे? हातालाच की पाठीलाही?”

“काय?”

“इसब.”

तिचा चेहरा उतरला. “हळू बोल ना गं,” ती म्हणाली.

नाही, असं ती म्हणाली नाही.

मी डबा घेऊन उठले. “आगं, हळदीची नवरी अशी भायेर पडती व्हय?” असं ओरडत आत्या मागून आली, पण मी हॉल ओलांडला. खुर्च्या मांडणारे थांबले, वाजंत्रीवाल्यांनी वाजवणं थांबवलं. वरपक्षाच्या खोलीचं दार उघडंच होतं.

निशिकांत पाटावर बसला होता, बनियनवर, अंगाला हळद. मला बघताच त्याने खांद्यावर टॉवेल ओढला. पण मी पाहिलं ते पाहिलं. कोपराच्या घडीत तीच जाड झालेली काळसर कातडी, त्यावर नखांचे तेच ताजे ओरखडे. माझेच हात कुणीतरी त्याला लावले होते.

शालिनीबाई मध्ये आल्या. “हे काय? नवऱ्या मुलीनं इकडं यायचं नसतं.”

“आई, याला कसला वास येतोय बघा,” मी डबा पुढे केला.

त्यांनी वास घेतला नाही. “हळदीचा येतोय. दुसरा कसला येणार?”

“आमच्या दारात तुम्ही बरोबर ओळखलात. ते मलम घरात नसलेल्या माणसाला तो वास ओळखू येत नाही. विचारतात, गटार तुंबलंय का म्हणून.”

त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ शर्मिला, तो पुरुष आहे. अंगात शर्ट घातला की झालं. त्याचे हात कोण बघतंय? बाईचं तसं नसतं.”

“मग माझी कातडी का सोलवून घेतलीत? तुम्हाला तर माहीत होतं कशानं बरं वाटतं ते!”

“दोघांनाही आहे म्हटल्यावर लोक काय म्हणाले असते? पोरं कशी निपजतील म्हणाले असते. एकाचं तरी धड दिसायला नको का?” आणि मग, जणू मला समजावून सांगत आहेत अशा सुरात त्या म्हणाल्या, “अगं, तुझ्या वडिलांनी आपणहून सांगितलं म्हणून तर आम्ही होकार दिला. धडधाकट मुलीच्या माणसांनी उद्या आमच्या तोंडावर फेकलं असतं. तुमच्याकडचे कुठल्या तोंडाने बोलणार?”

आप्पांच्या सरळपणाची यांनी अशी किंमत केली होती. माझ्या अंगाची आग झाली, आणि ती कुठल्या क्रीमची नव्हती.

मी त्यांना ओलांडून निशिकांतपुढे गेले. “तुम्ही उठा,” मी म्हटलं. “तो टॉवेल टाका आणि असेच बाहेर चला. मंडपात सगळ्यांसमोर माझ्याशेजारी बसा. मी पण हा रंग धुऊन येते. मग हीच हळद, हीच, डोळे उघडे ठेवून मी लावून घेईन.”

मी मनापासून म्हणत होते. तो उठला असता तर मी त्या खपल्यांसकट हळद अंगाला लावून घेतली असती, आणि जन्मभर एकमेकांच्या पाठीला मलम चोळत आम्ही सुखाने राहिलो असतो. अजूनही मला तसंच वाटतं.

तो उठला. म्हणजे अर्धा उठला. त्याचे डोळे भरून आले होते. “शर्मिला, मी खरंच सांगणार होतो तुम्हाला...”

“निशा, बस खाली,” शालिनीबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही, रोज म्हणत असतील तशा.

तो बसला. आणि बसल्यावर त्याने टॉवेलचं टोक गळ्यापर्यंत नीट ओढून घेतलं.

त्याच्या कातडीची मला किळस आली नाही. ती तर माझीच होती. किळस आली ती त्या नीट ओढलेल्या टॉवेलची. माझं कोपर उजेडात धरलं जात असताना हा माणूस मनगटाची बटणं लावून साखरेच्या भांड्याकडे बघत बसला होता, आणि मी त्याच्या त्या एका प्रेमळ वाक्यावर आंबलेली साय अंगाला थापून घेतली होती.

मी डब्याला झाकण लावलं, घट्ट दाबलं आणि त्याच्या पाटासमोर ठेवलं.

“परत,” मी म्हटलं.

दाराबाहेर आप्पा उभे होते. दार लोटलं तरी त्या कार्यालयाच्या फळ्यांतून सगळं ऐकू येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नक्की?” त्यांनी विचारलं.

“नक्की.”

आप्पांनी फेट्याचा शेमला खांद्यावरून मागे टाकला आणि आचाऱ्याला हाक मारली, “पंगत मांडा. जिलबी गार करू नका. पाव्हण्यांपैकी ज्याला जेवायचंय त्यानं जेवावं, ज्याला जायचंय त्याला वाट मोकळी आहे.”

मी नळाखाली हात धरले आणि ज्योत्स्नाचा रंग धुऊन काढला. लाल, फुटलेले, सुजलेले हात तसेच घेऊन मी हॉलमध्ये भिंतीकडेच्या खुर्चीवर येऊन बसले. बायका कुजबुजत होत्या, दोघीचौघींनी खुर्च्या लांब सरकवल्या. शोभा माझ्या पायाशी रडत बसली होती. आई आली. आता ती ओरडणार, धाकटीचं वाटोळं केलंस म्हणणार, या तयारीनं मी दात आवळून बसले.

आईने कमरेची पिशवी उघडली. आतून माझी काळी ट्यूब निघाली, अर्धी वळवलेली, मी दिली होती तशी. लग्नात ती का बरोबर ठेवली होती, ते मी विचारलं नाही.

“वास सुटेल गं,” मी म्हटलं.

“सुटू दे,” आई म्हणाली.

तिने मलम बोटावर घेतलं आणि सगळ्या भावकीच्या देखत माझ्या कोपराला लावलं, मग दुसऱ्या कोपराला, मग मानेला, मग दोन्ही हातांना बोटांपर्यंत. हळूहळू, दाब न देता. ठणका उतरत गेला. तेवढ्यात आमच्यासमोर ताट आलं. माझे दोन्ही हात मलमाने भरलेले, म्हणून आईनेच जिलबी मोडली. बोटं पदराला पुसायचं तिला सुचलंसुद्धा नाही. तिने तसाच घास माझ्या तोंडाशी धरला. जिलबीला डांबराचा वास येत होता. मी खाल्ली, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.